मोत्या काय चघळत होता?

कुणी चुलीपाशी असाल, कुणी गोठ्यात, कुणी कांदा निवडत बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज मी कुत्र्याबद्दल बोलणार आहे. "ताई, बचत गटाच्या बाईला कुत्र्याचं काय पडलंय?" असं कुणी म्हणेल. म्हणून आधी एका बैठकीची गोष्ट सांगते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. गटातल्या एक मावशी मळ्यातल्या वस्तीवर राहतात. चारी बाजूंनी ऊस, दारात सात शेळ्या आणि राखणीला मोत्या. त्या दिवशी त्यांनी सात हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर मोत्याच्या ऑपरेशनला. तीन दिवस तो जेवत नव्हता, सारखा ओकत होता. पशुवैद्यक म्हणाले होते की पोटात काहीतरी अडकलंय.

बैठकीत कुजबुज सुरू झाली. एक ताई म्हणाल्या, "शेळी आजारी पडली तर कर्ज देऊ. कुत्र्याला कशाला?" दुसरी म्हणाली, "मग शेळ्या राखतं कोण?" मी समन्वयक, प्रोसिडिंग माझ्या हातात. मला दोघींचंही पटत होतं. मी म्हटलं, "दोन दिवसांनी पुन्हा बसू, मग ठरवू." दोन दिवसांनी बसायची वेळच आली नाही. मोत्या आदल्या रात्रीच गेला.

त्याच्या पोटात काय होतं? नातवंडांनी त्याला खेळायला एक चेंडू केला होता. जुना पायमोजा, आत चिंध्या, वरून कांद्याच्या गोण्या शिवायची प्लॅस्टिकची सुतळी गच्च गुंडाळलेली. मोत्या तो दिवसभर चघळायचा. पोरं हसायची, मावशीही हसायच्या. मीसुद्धा त्या ओट्यावर चहा पिताना ते पाहून हसले आहे.

आठ-पंधरा दिवसांनी मावशींनी नवं पिल्लू आणलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बाई, तू शिकलेली आहेस. ह्याला खेळायला काय द्यायचं ते सांग." मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. उत्तर शोधता शोधता मी इतिहासातच शिरले. तिथे जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

आपल्या गोदावरीला पुढे प्रवरा मिळते. त्या प्रवरेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं गाव आहे. १९७४ साली तिथल्या एका माणसाला झुडपाचं मूळ खणताना चार मोठ्या ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. चारही मिळून वजन ६० किलोहून जास्त. हत्ती, गेंडा, म्हैस आणि एक रथ. रथाला दोन बैल जुंपलेले, मागे माणूस उभा आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा. ह्या मूर्तींच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण अनेक जण त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. म्हणजे आपल्याकडे गाडी, बैल, माणूस आणि कुत्रा ही चौकडी इतकी जुनी. आजही बाजाराला निघालेल्या बैलगाडीबरोबर कुत्रा चालतो, तो त्याच रथावरचा समजा.

पुढे आपल्या देवांजवळही कुत्रा आला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात चंदनपुरी आहे. खंडोबाची बानू तिथली, धनगराची लेक. मेंढरं आली की त्यांच्यामागे लांडगा आला, आणि लांडग्यापुढे उभा राहणारा कुत्रा आला. मेंढपाळांनी ह्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा काटेरी पट्टा बांधला. लांडगा असो की बिबट्या, पहिला घाव घालतो तो गळ्यावर. पट्ट्याचे काटे त्याच्या जबड्याला टोचतात आणि कुत्रा वाचतो. कुत्र्याला इजा होऊ नये म्हणून आपल्याकडे मुद्दाम केलेली ही किती साधी वस्तू! ती आपल्या रानातल्या माणसांनी केली, कुठल्या कारखान्याने नाही.

राजघराण्यातही कुत्र्याचा मान होता. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णेच्या काठी संगम माहुली आहे. तिथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. खंड्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. शाहू महाराज १७४९ साली वारले. म्हणजे पावणेतीनशे वर्षांहून जुनी ही आठवण लोकांनी जपली आहे.

पण ह्या सगळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्या काळी कुत्र्याला होणारी इजा बाहेरून यायची. लांडगा, वाघ, बिबट्या, रानडुक्कर. घरात त्याच्या तोंडात जे जायचं ते भाकरी, कच्चं हाड, लाकूड, कातड्याचा तुकडा, फार तर सुती चिंधी. ह्यातही धोका होता, पण बहुतेक जिन्नस पोटात जिरायचे किंवा पडून जायचे.

मग काळ बदलला. मुंबईत कंपनी सरकारचं राज्य होतं. तिथे मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे ८ आणे मिळायचे. पैशाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात मान, अंत्यविधीतसुद्धा त्याला स्थान. १८३२ च्या जून महिन्यात पारशी लोक रस्त्यावर उतरले, मारामारी झाली, दुकानं बंद पडली. मुंबईच्या इतिहासात ही कुत्र्यांची दंगल म्हणून नोंदलेली आहे.

त्याच मुंबईत पुढे प्राण्यांच्या बाजूने कामही उभं राहिलं. १८७४ साली प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली. १८८० च्या दशकात पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट ह्यांच्या नावाने प्राण्यांचं रुग्णालय झालं. आणि १८८६ साली परळलाच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आज तालुक्याच्या दवाखान्यात जे डॉक्टर भेटतात, त्यांच्या शिक्षणाचं ते आपल्या राज्यातलं एक जुनं केंद्र. आणि मैत्रिणींनो, प्राण्यांचं ते रुग्णालय ओळखलं जातं ते एका बाईच्या नावाने.

स्वातंत्र्यानंतर आणखी एका बाईने काम केलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्या भरतनाट्यमच्या मोठ्या कलावंत, राज्यसभेच्या सदस्य होत्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध नवा कायदा हवा म्हणून त्यांनी संसदेत विधेयक मांडलं. त्यातूनच पुढे १९६० चा कायदा आला, आणि १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ आलं. ह्या कायद्यात कुत्र्याबद्दल दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, कुठल्याही जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीने तासन् तास बांधून ठेवणं गुन्हा आहे. दोन, कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने हिंडवलं-फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. म्हणजे कुत्र्याला हिंडवणं-फिरवणं हे काही श्रीमंतांचं लाडकौतुक नाही. ते कायद्यात आहे. बांधून बांधून कंटाळलेला कुत्रा समोर येईल ते चावत बसतो. चप्पल, पाइप, सुतळी, पोरांची खेळणी. अनेक इजा तिथूनच सुरू होतात.

आता त्या वस्तूंचा इतिहास ऐका. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर ह्याने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्यातून उसळणारा रबरी चेंडू घरोघर पोचला. १९३५ साली अमेरिकेतच नायलॉन तयार झालं. मग प्लॅस्टिकची दोरी, प्लॅस्टिकची गोणी, प्लॅस्टिकचा चेंडू, सगळं आपल्या ओट्यावर आलं. आपली कामं हलकी झाली, हे खरं. पण ह्या वस्तू कुजत नाहीत, झिजत नाहीत आणि कुत्र्याच्या पोटात जिरतही नाहीत. काटेरी पट्ट्याने गळा वाचला, पण इजा आता तोंडातून आत जाऊ लागली.

मोत्याचं नेमकं काय झालं ते डॉक्टरांनी मावशींना समजावलं होतं. मी ते बायकांच्या भाषेत सांगते. परकराच्या नेफ्यात नाडी ओढली की कापड कसं चुण्या पडून एका जागी गोळा होतं? तसंच. सुतळीचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, बाकीची सुतळी आतड्यात उतरते. आतडं तिला पुढे ढकलायला बघतं, ती सरकत नाही, मग आतडंच तिच्यावर गोळा होतं. ताणलेली सुतळी शेवटी आतडं कापते. म्हणून लक्षात ठेवा, कुत्र्याच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. ओढलात तर आत कापाल. थेट डॉक्टरकडे न्यायचं.

दोऱ्यावरून संक्रांत आठवते. आपल्या येवल्याची पतंगबाजी साऱ्या राज्यात प्रसिद्ध. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. माणसांचे गळे कापले जातात, पक्षी मरतात, हे आपण ऐकतो. पण संक्रांतीनंतर बांधावर, झाडाखाली पडलेल्या मांजात कुत्र्यांचे पाय अडकतात, आणि मांजा ती गिळूही शकतात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोरांना पिशवी देऊन अंगण आणि बांध फिरवा. ह्याला पैसा लागत नाही.

आता नाशिककरांसाठी दोन खास गोष्टी. आपण कांद्यावर जगतो, द्राक्षावर जगतो, आणि कुत्र्याला नेमक्या ह्याच दोन गोष्टी विषासारख्या आहेत. १९३० साली अमेरिकेत संशोधकांनी कुत्र्यांना कांदा खायला घालून पाहिलं, तर त्यांच्या अंगातलं रक्त कमी झालं. कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो. शिजवलेला असो, कच्चा असो, रश्श्यातला असो. दहा किलोच्या कुत्र्याला एखादा मध्यम कांदाही बाधू शकतो. त्रास लगेच दिसत नाही, चार-पाच दिवसांनी कुत्रा थकतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लाल होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या बिघडवतात, हे तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कळलं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राणीतज्ज्ञांनी त्याचं कारण म्हणून द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेतही असतं. तेव्हा पोरांनी "झेल रे" म्हणत कुत्र्याकडे द्राक्षं किंवा लहान कांदे फेकण्याचा खेळ आजपासून बंद.

मग खेळायला द्यायचं काय? इथे एक गमतीची हकिगत सांगते. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडो प्रांतात जो मार्कहॅम नावाचा माणूस होता. त्याच्या फ्रिट्झ नावाच्या कुत्र्याला दगड चावायची खोड. दात झिजून-तुटून गेले. एकदा मार्कहॅम आपली व्हॅन दुरुस्त करत होता. दगड सुटावा म्हणून तो कुत्र्याकडे गाडीचे सुटे भाग टाकत होता. त्यातला एक रबरी तुकडा कुत्र्याला फार आवडला. दाताला लवचीक, पण तुटणार नाही असा. त्यावरून त्याने कुत्र्यांचं खेळणं बनवलं, आणि ते आज जगभर विकलं जातं. आपल्याला ते विकत आणायची गरज नाही. त्या गोष्टीतलं शहाणपण घ्यायचं: दाताला मऊ लागेल, पण तुकडा पडणार नाही.

हे सगळं वाचून आणि डॉक्टरांना विचारून मी मावशींना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

पहिलं, आकार. चेंडू कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठा हवा. दाढांच्या मागे जाईल असा चेंडू घशात बसतो आणि दोन-चार मिनिटांत जीव जातो. पिल्लू असताना दिलेला चेंडू ते मोठं झाल्यावर लहान पडतो. तेव्हा तो काढून घ्या.

दुसरं, कडकपणा. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून पाहा. जरासुद्धा खूण उठत नसेल तर ती दात तोडणार. दगड, लोखंड, वाळलेलं शिंग त्यातच आलं.

तिसरं, दोरा-सुतळी, पायमोजे, बटणं, शिट्टी वाजणारी स्वस्त प्लॅस्टिकची खेळणी, पोरांच्या खेळण्यातले सेल, हे काहीही नको. जुन्या टायरचा तुकडा तर मुळीच नको, त्यात बारीक तारा असतात. एकच भोक असलेला पोकळ चेंडूही नको. जीभ आत ओढली जाऊन अडकते. हवा जायला दुसरं भोक असावं लागतं.

चौथं, दाणे काढलेलं मक्याचं कणीस आणि कोंबडीची शिजलेली हाडं. कणीस तसंच आतड्यात जाऊन बसतं. शिजलेलं हाड फुटून सुईसारखं होतं. दोन्ही उकिरड्यावर उघडी टाकू नका.

पाचवं, काठी फेकून आणायला लावणं. धावता धावता काठी जमिनीत रुतते आणि टोक घशात शिरतं. काठीऐवजी मोठा रबरी चेंडू फेका.

सहावं, काटेरी पट्टा राखणीच्या वेळी ठीक, पण दोन कुत्री खेळत असतील तर तो काढा. आणि रात्री कुत्र्याला उघड्यावर साखळीने बांधू नका. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव-गावठी कुत्र्यांचा निघाला. अकोले आपल्या सिन्नरला लागूनच. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शेळ्यांबरोबर त्यालाही बंद कुडात घ्या.

आणि सगळ्यात स्वस्त खेळ कोणता? भाकरीचे तुकडे अंगणात, पाटीखाली, पायरीआड लपवा आणि कुत्र्याला शोधू द्या. वास काढत हिंडण्यात त्याचं डोकं आणि अंग दोन्ही दमतं. गिळण्यासारखं असतं ते भाकरीच असतं.

एक शेवटची गोष्ट, आणि ही आपल्या जिवाची. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर आपल्याला वाटतं घशात हाड अडकलं. आपण हात घालतो. पण पिसाळलेल्या कुत्र्याचंही असंच दिसतं! म्हणून अनोळखी कुत्र्याच्या किंवा लस न दिलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. पोरांना लांब करा, डॉक्टरांना बोलवा. १८८५ साली फ्रान्समध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका मुलाला लुई पाश्चरची लस टोचण्यात आली आणि तो मुलगा वाचला. तेव्हापासून ह्या रोगाला अडवता येतं, पण वेळेत. चावा किंवा ओरखडा झाला, उघड्या जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका. आणि आपल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्या. गावातल्या पशुसखीला विचारा, किंवा १९६२ ह्या नंबरवर फोन करून जवळच्या पशुवैद्यकीय सेवेची माहिती घ्या.

आपला कुत्रा सारखा ओकत असेल, पोट ताणलेलं असेल, एक दिवस जेवला नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, तेल पाजू नका.

आता आमच्या गटाचं सांगते. मोत्या गेल्यावर पुढच्या बैठकीत कुणी जास्त बोललं नाही. ज्या ताईंनी "कुत्र्याला कशाला" म्हटलं होतं, त्यांनीच ठराव मांडला की राखणीच्या कुत्र्याच्या उपचाराला शेळीसारखंच कर्ज द्यायचं, आणि तातडी असेल तर बैठकीची वाट न पाहता अध्यक्ष-सचिवांनी त्याच दिवशी द्यायचं. मी तो ठराव प्रोसिडिंगला लिहिला. त्याखाली, ठराव पूर्वी नसल्याने उशीर झाला, असंही लिहिलं. ते वाक्य माझ्यासाठी होतं.

मावशींच्या पिल्लाचं नाव पोरांनी पुन्हा मोत्याच ठेवलंय. ओट्यावर आता सुतळीची गुंडाळी खुंटीला उंच टांगलेली असते आणि संध्याकाळी नातवंडं पाटीखाली भाकरीचा तुकडा लपवतात. परवा मी गेले तर पिल्लाने पाटी उलटवली, शेजारची चहाची बशीही उलटवली. मावशी ओरडल्या, आणि मग आम्ही दोघी हसलो.

आज काम आटोपल्यावर एकदा आपल्या ओट्याखाली, उकिरड्याजवळ, गोठ्याच्या कोपऱ्यात नजर टाका. आपल्या दाराच्या मोत्याच्या तोंडात जाण्यासारखं तिथे काय काय पडलंय ते पाहा, आणि पुढच्या बैठकीत सांगा.